दादाचा डावा डोळा

आमच्या घरात मार खाण्याची एक रीत होती. हात वर करून तोंड झाकायचं नाही. झाकलं की बाबा आणखी चिडायचे, आणि मग हाताऐवजी काठी यायची. गप उभं राहिलं तर दोन-तीन रपाट्यांत संपायचं. मला हे दादानं शिकवलं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबा घरात शिरताना पायातलं काढून कसं फेकतात, त्या आवाजावरून तो ओळखायचा, आज कुणाची पाळी आहे ते.

आमचा पाडा डहाणूकडचा, गंजाड गावाच्या पुढे, रस्त्यापासून आत. बाबा भात लावतात आणि बाकीचे दिवस किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाडीत मजुरीला जातात. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. वर्गात मी फार बोलत नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा थांबले. पण ही गोष्ट आमच्या घरातल्या दोन खेळांपासून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगते.

पहिला खेळ माझा होता. माझा मामा हद्दीपलीकडे गुजरातेत कंपनीत कामाला आहे. मी सातवीत असताना त्यानं तिथल्या बाजारातून मला हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणला. नारिंगी रंगाचा, जाड प्लास्टिकचा, मागे तीन सेल. सेल संपले की मी ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मग आणखी अर्धा तास चालायचे. त्यात विमानं होती, रणगाडे होते, भिंती फोडायच्या होत्या. शत्रू मेला की चार चौकोन विझायचे, बस. आणि मधोमध एक छोटं बटण होतं, ते दाबलं की सगळं जागच्या जागी थांबायचं. आईनं हाक मारली की मी ते दाबायचे, पाणी भरून यायचे, परत दाबायचे, आणि माझं विमान होतं तिथेच असायचं.

दुसरा खेळ दादाच्या मोबाईलमध्ये होता. बारावी नापास झाल्यावर त्यानं एक पावसाळा वाडीत फवारणीची कामं करून तो मोबाईल घेतला. त्या खेळात चार जणांची टोळी करून उतरायचं आणि बाकी सगळ्यांना मारायचं. त्याच्या टोळीतली पोरं कुठली कुठली होती, कुणी सुरतचा, कुणी बिहारचा. त्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे आवाज आमच्या कुडाच्या घरात घुमायचे. “पीछे है, पीछे, मार उसको.” आईला हिंदी फार येत नाही, पण शिव्या कळायच्या. ती भाकरी थापता थापता म्हणायची, “एवढी माणसं मारतोस, एखादं भांडं घासशील?” दादा हसायचा, पण डोळे मोबाईलवरच.

त्याला खेळताना बघणं मला आवडायचं, हे खरं सांगायला हवं. तो चांगला होता. एखादा शत्रू जमिनीवर रांगत असायचा आणि दादा त्याच्याजवळ जाऊन शांतपणे शेवटची गोळी घालायचा. माझ्या छातीत काहीतरी गरम व्हायचं. मग मी माझ्या खेळाकडे बघायचे आणि ते विझणारे चौकोन मला बाळबोध वाटायचे.

तेव्हा दादा पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी पाड्यातली चार पोरं घेऊन तो डांबरी रस्त्यावर धावायचा. गोळाफेकीसाठी नदीतला एक गोल दगड आणून ठेवला होता. त्याचं शरीर तसं झालंही होतं. बाबा त्याला मारायचे, पण बाहेर सांगायचे की माझा पोरगा पोलीस होणार.

तो दिवस मला तपशिलानं आठवतो. मी दहावीत होते. कापणी झाली होती. आई लाकडांना गेली होती. बाबा तलासरीला गेले होते, सामान आणायला. दादा ओटीवर बसून खेळत होता आणि मी उंबऱ्याजवळ माझं विमान उडवत होते.

त्याच्या मोबाईलवर बाबांचा फोन आला. बाबांचा साधा बटणांचा फोन, त्यावरून ते क्वचितच फोन करायचे. दादानं कापला. परत आला. परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, “दादा, बाबा आहेत.”

“दोन मिनिटं.”

“थांबव ना जरा. मग परत खेळ.”

त्याचे अंगठे पडद्यावर चालूच होते. त्याच्या टोळीतला एक जण मोठ्यानं ओरडत होता. मला वाटलं, माझ्या खेळासारखंच त्याच्याही खेळात थांबायचं बटण असणार आणि तो मुद्दाम दाबत नाही. आज सगळ्यांना माहीत आहे की तसल्या खेळात ते नसतं, आपण थांबलो तरी बाकीचे थांबत नाहीत. मला माहीत नव्हतं. मी उठले आणि त्याच्या हातातून मोबाईल ओढला. फोन उचलायच्या आतच वाजायचा थांबला. पडद्यावर दादाचा माणूस गुडघ्यांवर आला आणि पडला. एक आवाज म्हणाला, “भाई, क्या कर रहा है?”

दादानं मला कानाखाली मारली. मी हात वर केला नाही. त्यानं दुसरी मारली, मग केस धरून मला कुडावर आपटलं. माझ्या कपाळावर शेण-मातीचा पोपडा पडला, तो वास अजून आठवतो. तो म्हणत होता, “तुला कळत नाही का, तुला कळत नाही का?” आवाज अगदी बाबांचा.

माझ्या उजव्या हातात माझा गेम होता. मी तो मारला. कुठे मारायचं हे मी ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. गेमचा कोपरा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. आणि जोर पूर्ण होता. त्या एका क्षणाला मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

तो ओरडला नाही. खाली बसला, दोन्ही हात तोंडावर धरून. बोटांमधून आधी पाणी आलं, मग रक्त. मी जवळ गेले तर त्यानं लाथ मारली. मी मागे सरकले, घरात शिरले आणि गेम तांदळाच्या कणगीत खोल खुपसला. असं का केलं ते आजही सांगता येत नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं बाबा आले, तेव्हाही दादा तसाच बसून होता. ते फोन करत होते तेव्हा हायवेच्या फाट्यावर उभे होते, सामानाची गोणी घेऊन. दादानं काकाची मोटारसायकल घेऊन यावं म्हणून फोन. मग फाट्यावरून कुणाच्या तरी टेम्पोत अर्ध्या वाटेपर्यंत आले आणि तिथून गोणी डोक्यावर घेऊन चालत. मानेवरून घाम वाहत होता. त्यांनी गोणी टाकली, कुंपणातली काठी उपसली आणि समोर तोंड झाकून बसलेला दादा पाहिला. त्यांना वाटलं, मार चुकवायला हात वर केलेत.

त्यांनी त्याला पाठीवर मारलं, खांद्यावर मारलं, हातांवर मारलं. “फोन कापतोस? बापाचा फोन कापतोस?” काठी मोडली तेव्हा त्यांनी त्याचे हात ओढून बाजूला केले, आणि त्यांना त्याचा डोळा दिसला. हातातला काठीचा तुकडा तसाच होता. मी दारात होते. मी काही बोलले नाही.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यातून आम्हाला हद्दीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? खरं सांगा, पोलिसांना कळवावं लागेल. बाबा पुढे झाले. त्यांनी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “चिकूच्या झाडावरून पडलो. फांदी लागली.” बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते मटकन बाकावर बसले. त्यांना वाटलं, पोरगा आपल्याला वाचवतोय. दादानं नंतर मला एकदाच सांगितलं, लहान बहिणीनं खेळण्यानं डोळा फोडला हे तो सांगणार नाही, आणि मीही सांगायचं नाही.

डोळा जागेवर राहिला, नजर गेली. भरती संपली. दादा हद्दीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला. मोबाईलवर अजून खेळतो, मान डावीकडे वळवून. नाक्यावर एकानं त्याला काणा म्हटलं तेव्हा त्यानं त्याचा दात पाडला. माझ्या परीक्षेचे फॉर्म तोच भरतो.

आणि बाबा बदलले. त्या दिवसापासून त्यांनी कुणावर हात उचलला नाही. रोजची ताडीही सुटली. जेवताना दादाच्या डाव्या बाजूला बसायचे नाहीत. आईला वाटलं, देवानं ऐकलं. चार वर्षं आमच्या घरात कुणीही ओरडलं नाही. मी त्या शांततेत अभ्यास केला, बारावी झाले, डहाणूच्या कॉलेजात आले.

यंदा पाड्यात बैठक होती. पोरं मोबाईलवर खेळतात, ऐकत नाहीत, काय करायचं यावर. एक जण म्हणाला की मी तर पोराला आता दोरीनं बांधून मारणार. काही जण हसले. बाबा उठले. ते बैठकीत कधी बोलत नाहीत. “मारू नको,” ते म्हणाले. “मी मारलं. माझ्या पोराचा डोळा मी फोडला. सगळ्यांना सांगितलं झाडावरून पडला, ते खोटं.” मग खाली बसले. कुणी वर बघेना. मी बायकांमध्ये बसले होते, मीही मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात कोयत्याला धार लावत होते. मी समोर जाऊन सांगितलं. सगळं, माझा गेम, कोपरा, कणगी. सांगताना मी कोयत्याकडे बघत होते. त्यांचा हात चालूच राहिला.

“त्याला माहीत आहे?”

“हो.”

“आईला?”

“नाही.”

त्यांनी अंगठ्यानं धार पाहिली. “जा बाय, तुझी गाडी चुकेल,” म्हणाले आणि वाडीला निघून गेले. मला हलकं वाटलं. रस्त्यापर्यंत मी जवळजवळ पळत गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दादानं काकाची मोटारसायकल ओल्या जागेत लावली आणि ती कलंडून पडली. एवढंच कारण. बाबांनी त्याच्या कानाखाली मारली, मग कमरेचा पट्टा काढला. दादा आता त्यांच्याहून उंच आहे, एका हातानं धरू शकला असता. त्यानं धरलं नाही. डाव्या बाजूनं आलेला पट्टा त्याला दिसत नव्हता, त्यामुळे प्रत्येक वेळी तो दचकत होता. मी मध्ये गेले, तेव्हा एक फटका माझ्या मानेवर बसला. बाबा थांबले, पट्टा टाकला आणि अंगणाबाहेर गेले.

मी दादाच्या पाठीला तेल लावायला बसले. तो म्हणाला, “सांगितलंस तू.”

“त्यांना वाटत होतं की त्यांनीच...”

“वाटू दे ना.” तो वळला नाही. “चार वर्षं या घरात कुणी मार खाल्ला नव्हता.”

मी परत तेलात बोटं बुडवली. बाहेर बाबा परत आले होते. त्यांनी आईला हाक मारली, आणि आम्ही दोघंही श्वास रोखून ऐकायला लागलो, आवाज कसा आहे ते.