समोर बघू नका

माणसाशी बोलताना सुभेदार अण्णा त्याच्या कानाकडे बघत. शेवटच्या काही वर्षांतली ही सवय. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या मागे कुणी उभं आहे की काय, आणि तो मान वळवायचा. मग अण्णा म्हणायचे, "तुमालाच बघतुय. हलू नका." हे असं का, ते सांगते, पण त्याआधी गच्ची सांगायला हवी.

वडूजला आमच्या घराला लागून अण्णांचं घर. तोफखान्यातून निवृत्त होऊन आले ते एक मोठी दुर्बीण घेऊनच. तिला ते तोफ म्हणत. जुन्या सोलापुरी चादरीची खोळ काढली की "तोफ लावली" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगत. आमचे यजमान गेले त्या हिवाळ्यात अण्णांची सून सुनंदा मला म्हणाली, "काकू, दिवे लागल्यावर एकट्या काय बसताय? वर या. मामा नि मेडिकलवाले जोशी काय तरी बघत असत्यात." सासऱ्यांना ती मामा म्हणे. मी गेले. गेले ती गेलेच.

त्या दिवशी अण्णांनी मला देवयानी दाखवली. ताऱ्यांचं दुसरं गाव आहे ते, आपल्या आकाशगंगेच्या पलीकडचं. मी डोळा लावला, तर नुसता अंधार.

"काही नाही हो इथं."

"आवं वयनी, समोर नका बघू. जरा बाजूला बघा. समोर बघितलं की ते लाजतंय."

मी नजर जरा बाजूला नेली आणि ते आलं. हुरडा भाजून झाल्यावर शेतावर धूर लोंबकळत राहतो ना, तेवढंच, तसंच. जोशी म्हणाले की डोळ्याच्या मधल्या भागाला अंधुक उजेड पकडता येत नाही, कडेच्या भागाला येतो, त्यात लाजण्याचा काही संबंध नाही. अण्णा म्हणाले, "डागदर, तुमी गप बसा." जोशी डॉक्टर नव्हते, दुकानात गोळ्या विकत, पण अण्णांनी त्यांना कायमची पदवी देऊन टाकली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यो उजेड तितनं निघाला तवा माणूस बी नव्हता जगात. लाखो वर्सं चालत आला. आन उतरला कुठं? तर वडूजला."

मी त्या रात्री झोपेतसुद्धा तो धूर बघत होते.

गच्चीचा एक नियम होता. सुनंदाचा चहा आला की एकाने प्रश्न घालायचा, ज्याला उत्तर येईल त्याची पहिली नजर. मग बाकीच्यांनी डोळा लावायचा. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वाचनालयातून पुस्तकं आणून मीही तयार होऊन जायची. एकदा मी विचारलं, कुठल्या ग्रहाची एक गिरकी त्याच्या स्वतःच्या वर्षापेक्षा लांबते? अण्णा म्हणाले, "शुक्र. सूर्याभोवतीची फेरी संपती, पर सोताभोवतीची गिरकी संपत न्हाई. वयनी, तुमी तिकडं नका जाऊ. एक गिरकीभर उपास धरलासा तर वरीस जाईल उपाशी." दुसऱ्या वेळी जोशींनी सांगितलं की शनी मावेल एवढं तळं मिळालं तर तो पाण्यावर तरंगेल. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, "आन आमी जल्मभर तेल घालत बसलो."

असं हसत बोलत असताना खाली गाव दिसेनासं व्हायचं. दिवे असायचे, पण ते कुणा दुसऱ्याचे वाटायचे. आपण तिघं कुठल्या तरी लांबच्या बोटीवर बसलोय आणि चहा तेवढा घरचा आहे, असं मला वाटे.

मग ती संध्याकाळ आली. अण्णांनी प्रश्न जिंकला, डोळा लावला आणि म्हणाले, "झकास. शनीची कडी बघा कशी दिसत्यात." त्यांच्यानंतर मी वाकले. काळं कुट्ट. बाजूला बघितलं तरी काळं. जोशींनी पुढे होऊन चाचपलं, आणि तोफेच्या तोंडावरचं झाकण काढून हातात धरलं. ते काढायचंच राहून गेलं होतं.

अण्णांनीच विचारलं, "झाकण हुतं व्हय?"

"होतं, अण्णा."

"लय दिवस झालं," ते म्हणाले. "मधीच काळा डाग येतुय. म्हटलं, तुमची मजा कशाला घालवा."

सांगलीला माझी लेक राहते. तिच्याकडे उतरून अण्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पडद्याचा मधला भाग झिजला होता, तो परत येणारा नव्हता. परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले आणि पलूसपर्यंत एकेक डोळा झाकून बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर जोशींना बोलावून म्हणाले, "तोफ तुमी न्या. आंधळ्या गोलंदाजाला काय करायची?" जोशींनी नेली नाही. पण अण्णा गच्चीवर यायचे बंद झाले. खालच्या सोप्यावर रेडिओ लावून बसत आणि आम्ही वर दोघं, प्रश्न घातला तरी उत्तराला चव नाही.

मला सुचायला इतके दिवस का लागले कोण जाणे. एका संध्याकाळी मी तशीच खाली आले.

"अण्णा, समोर बघितलं की ते लाजतं, हे मला कुणी शिकवलं?"

"ते तारकांचं, वयनी. माजं डोळंच गेलं."

"मधलाच भाग गेलाय ना? आम्ही तर मुद्दाम मधलं सोडून बघतो. चला."

ते उठले, पण नियम सोडेनात. प्रश्नाशिवाय पहिली नजर नको. जोशींनी जिन्यातच विचारलं, पृथ्वीला सर्वांत जवळचा तारा कुठला? अण्णा भडकले. "पोरासोरांचा सवाल इचारताय? सूर्य. कीव करायची आसंल तर मी खाली जातो." मग मी विचारलं, शुक्रावर सूर्य कुठून उगवतो?

"पश्चिमेकडनं. उलटं फिरतंय ते बेनं."

जोशींनी तोफ देवयानीवर लावली. अण्णा वाकले. बराच वेळ तसेच. मला भीती वाटली की ते पुन्हा "झकास" म्हणतील. ते म्हणाले, "डागदर, जरा पश्चिमेला सरकवा. कडंला गेलंय."

मी घाईने डोळा लावला. पृथ्वी फिरते तशी देवयानी सरकत सरकत खरंच काठाला गेली होती. मी दुर्बिणीपासून बाजूला झाले. अण्णा माझ्या कानाकडे बघत होते. "आता वयनी बी दिसाय लागल्या," म्हणाले.

तिथून ती सवय.

गेल्या पौषात ते अंथरुणाला खिळले. भेटायला येणारे त्यांच्या नजरेसमोर यायला धडपडायचे, खुर्ची सरकवायचे, आणि नेमके त्या काळ्या डागात जाऊन बसायचे. मी गेले तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, "काकू, मामा भिताडाकडंच बघत्यात. वळकत न्हाईत कुणाला." मी खुर्ची सरकवली नाही. होते तिथेच बसले.

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वयनी, हसताय का रडताय, तेवढं कळंना."

मी म्हटलं, "दोन्ही."

"आसू दे," ते म्हणाले. "हलू नका."