पिशोरचा भाचा

आमच्या कचेरीच्या दाराशी तो चपला काढायचा. पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेत अनवाणी येणारा दुसरा माणूस मी नोकरीभर पाहिला नाही. शिपाई ओरडायचा, "अरे बाबा, हे काय देऊळ आहे का?" तो हसून मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा चपला बाहेर.

दर पंधरा दिवसांनी, सोमवारी, त्याची हजेरी असे. मी नोंदवही उघडायचो. 'मायदेशी परतण्याची तारीख' हा रकाना आला की तो छताकडे बघत बराच विचार करायचा आणि म्हणायचा, "लिहा भाऊसाहेब, पुढच्या महिन्यात." तीन वर्षं मी तेच लिहीत होतो.

ब्रह्मदेशात लष्कराविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांपैकी तो एक. डोंगर ओलांडून भारतात आला आणि एका भन्तेजींच्या ओळखीने आमच्या शहरात. पडेगावला खोली, वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम. मराठी तिथेच शिकला, त्यामुळे हा रंगूनचा माणूस बोलता बोलता "लई" म्हणायचा.

फायलीत त्याचं सगळं आयुष्य दोन कागदांत मावलं होतं. एक पत्र म्हणे, हा विद्यार्थ्यांचा पुढारी. दुसरं, निनावी, म्हणे हा लष्कराचा खबऱ्या. साहेबांना दोन्ही सारखीच खरी वाटत, कारण दोन्हींवर आवक क्रमांक होता. शेवटी त्यांनी फर्मावलं, "तू विद्यार्थी होतास, आंदोलनात होतास, याचा कॉलेजचा दाखला आण. नाहीतर परत पाठवतो."

"साहेब, कॉलेज लष्करानं बंद केलं."

"मग बंद केल्याचा दाखला आण. लष्कराचा."

मी हसलो नाही. तुम्ही सरकारी नोकरीत असता, तर तुम्हीही हसला नसता.

त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला आणि हा पठ्ठ्या त्यात जाऊन चालला. परदेशी माणूस आंदोलनात सापडला की हकालपट्टी, हा नियम मीच त्याला वाचून दाखवला होता. पोलिसांनी इतरांबरोबर त्यालाही गाडीत कोंबलं. नाव-गाव लिहिणारा जमादार त्याचा चेहरा निरखू लागला, तेव्हा शेजारची एक म्हातारी म्हणाली, "माझा भाचा हाय त्यो. गाव पिशोर. लिव्हा." नावही तिनेच सांगितलं. भर गाडीत बारसं उरकलं.

हर्सूलच्या तुरुंगात चार दिवस काढून तो हजेरीला आला, ते सुटकेची चिठ्ठी घेऊनच. चुकलेल्या सोमवारचं कारण दाखवायला नको का! चिठ्ठीवर लिहिलं होतं: विद्यार्थी, आंदोलक, राहणार पिशोर. साहेबांना हवा होता तसा पुरावा शिक्क्यासकट मिळाला होता, फक्त माणूस दुसराच झाला होता.

"नामांतराशी तुझा काय संबंध रे?" मी वैतागलो.

"भाऊसाहेब, लष्करानं आमच्या देशाचं नाव बदललं. मोर्चा नाय, अर्ज नाय, कुणाला विचारलं नाय. इथं एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसं इतकी वर्षं चालतात. मला बी चालायचं होतं."

साहेबांचा विश्वास कागदावर. कागद पिशोर म्हणतो, म्हणून त्यांनी हवालदाराला चौकशीला पिशोरला धाडलं. तो सात पानी अहवाल घेऊन आला. म्हातारीच्या अख्ख्या गल्लीने जबाब दिले होते. हे पोर लहानपणी लिंबावरून पडलं होतं, असं एकाने सांगितलं. दुसरीच्या मते डोळे थेट आज्यावर गेलेत. एका म्हाताऱ्या धनगराने तर अंगठाच उठवला होता: "माझ्या मेंढरामागं हिंडलेलं पोर, मी वळखत नाय व्हय?"

साहेब खूश. म्हणाले, "पिशोरचा रहिवासी म्हणून इथे सही कर. फाइल बंद. परत पाठवायची वेळ आलीच, तर पिशोरला पाठवू."

म्हातारीलाही त्या दिवशी बोलावलं होतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कर बाबा सही. नामांतराच्या दंगलीत माझं घर जळालं, रेशनकार्ड बी गेलं. तवा मी भावाकडं पिशोरला आले. मी तरी कुठं तिथली हाय?"

त्याने पेन घेतलं. कर रे बाबा, असं मी मनात घोकत होतो. त्याने पेन खाली ठेवलं.

"साहेब, गोळीबारात माझा दोस्त रस्त्यावर पडला. मी त्याचा हात धरून बसलो होतो. मी पिशोरचा असंन, तर त्याचा हात कुणी धरला होता?"

साहेबांनी शिपायाला पंखा वाढवायला सांगितला. मला त्याचा भयंकर राग आला होता.

फाइल उघडीच राहिली आणि महिन्याभरात आदेश आला: दिल्लीला हजर व्हावे, पुढील निर्णय तिथे होईल. शेवटच्या सोमवारी तो आला, चपला बाहेर काढून. परतण्याची तारीख? "पुढच्या महिन्यात." नंतरचा रकाना होता 'भारतातील जवळचे नातेवाईक'. तिथे तो दरवेळी रेघ मारायला सांगायचा. त्या दिवशी पेन माझ्याकडून घेतलं आणि खोक्यांवरचे पत्ते लिहून गिरवलेल्या अक्षरांत स्वतः लिहिलं: मावशी, पिशोर.

साहेबांनी चष्मा वर केला. "या नात्याला पुरावा?"

"सात पानी चौकशी अहवाल आहे, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी निमूट सही केली.

दिल्लीहून पुढे त्याचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. नामांतर झालं तेव्हा मावशी पेढे घेऊन कचेरीत आली. दाराशी तिनेही चपला काढल्या. शिपाई या खेपेला ओरडला नाही. सगळ्यांना वाटून झाल्यावर तिने एक पेढा माझ्या टेबलावर कागदात बांधून ठेवला.

"ह्यो त्याचा. कधी येनार हाय त्यो?"

मी छताकडे बघितलं. म्हणालो, "पुढच्या महिन्यात."