पुण्याच्या खेपेची पाळी

सत्तरच्या दशकात मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात प्रोग्रॅमर होते. असं सांगितलं की हल्लीची मुलं लगेच विचारतात, तुमच्याकडे कुठला कॉम्प्युटर होता? आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हताच. तो पुण्यात होता. आमच्याकडे होती पंचिंगची एक मशीन, जाड कार्डांची खोकी, तीन टेबलं आणि तीन माणसं. आम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहायचो, मग मशीनवर बसून भोकं पाडून त्याची कार्डं करायचो, एका कार्डावर एक ओळ. तो गठ्ठा बांधून कोणीतरी एस्टीनं पुण्याला न्यायचा, तिथं भाड्यानं घेतलेल्या वेळात यंत्रात घालायचा आणि छापून येईल ते घेऊन परत यायचं.

हे 'कोणीतरी' मी कधीच नसे.

आमचे साहेब सांगलीचे, गणित शिकलेले, बोलायला मोजके. दुसरा सहकारी कुंडलचा. घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि हा बी.एस्सी. होऊन आमच्यात आलेला. मी वाईची, सांगलीत ओळखीच्यांकडे खोली घेऊन राहणारी. दोघंही माणसं चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

कामाच्या मधे आमच्या गप्पा चालत त्या दोनच विषयांवर, हत्यारं आणि प्रवास. हत्यारं म्हणजे आमची, प्रोग्रॅम लिहिण्याची. कुठली पेन्सिल बरी, कुठलं खोडरबर कागद फाडत नाही, गठ्ठ्याला रबर लावावं की सुतळी. सगळ्यात मोठा वाद रेघेचा. गठ्ठा हातातून पडला तर कार्डं पुन्हा क्रमानं कशी लावायची? साहेब म्हणत, प्रत्येक कार्डावर शेवटी नंबर पंच करा. कुंडलकराचा भरवसा लाल पेन्सिलीवर. तो गठ्ठा उभा धरून त्याच्या वरच्या कडेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढी. कार्डं विखुरली तरी रेघ जुळवत गेलं की गठ्ठा पहिल्यासारखा.

"नंबर वाचत बसायला येळ कुठला, साहेब? एस्टीत खाली पडल्यावर मान्सं पाय देत्यात. रेघ डोळ्याला दिसती."

"आणि रेघ पुसली म्हणजे?"

"पुसती कशानं? लाल हाय."

हा वाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच आणि त्यात कोणी जिंकत नसे. मी दोन्ही करत असे, नंबरही आणि रेघही, त्यामुळे दोघंही माझ्यावर नाराज असत.

प्रवासाच्या गप्पा सुरू झाल्या की मात्र माझं डोकं फिरायचं. पुण्याहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय सांगणार? कराडच्या स्टँडवर भजी गरम होती. खंबाटकीत गाडी तापली, ड्रायव्हरनं पाणी घातलं. साताऱ्याला कंदी पेढे घ्यायला उतरलो आणि गाडी सुटता सुटता पकडली. साहेब सांगत, आगगाडी बरी, धक्के कमी. कुंडलकर म्हणे, आगगाडीत झोप लागती आन् गठ्ठा जातो, एस्टीच खरी. मी विचारायची, "अहो, पण यंत्राचं काय? यंत्र कसं असतं?"

"मोठं कपाट असतं, बाई," साहेब म्हणत. "बरीच कपाटं."

"आवाज आमच्या गुऱ्हाळावानी हाय बगा, ताई," कुंडलकर म्हणे. "पर थंडी लय. सोटर लागतोय."

एवढंच. जे बघायला मी कुठल्याही भज्यांवर पाणी सोडलं असतं, त्याबद्दल या दोघांना सांगण्यासारखं काही नव्हतं! रोज ज्याच्यासाठी मी लिहीत होते ते मी पाहिलेलंच नव्हतं. रोज स्वयंपाक करून डबा भरून द्यायचा आणि जेवणारा माणूस कधी बघायचाच नाही, तसं ते होतं. मी जाऊ का म्हटलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं. "एवढा प्रवास, बाई, एकट्या कशा जाल?" दर सणाला मी एकटीच सांगलीहून वाईला जात असे, म्हणजे सातारा ओलांडून त्याच रस्त्यानं. तेव्हा कोणाला माझी काळजी वाटत नसे. हे मी साहेबांना बोलूनही दाखवलं होतं. ते हसले आणि त्यांनी प्रोग्रॅम लिहायची नवीन कोडिंग शीट काढली.

मग एका वर्षी वैशाखात योग आला. येत्या हंगामात कोणाच्या शेतातला ऊस कधी तोडायचा, तो क्रम लावणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. पुण्याची वेळ ठरली, आणि नेमकी साहेबांची कंबर धरली. कुंडलकराच्या भावाला फौजेतून सुटी मिळाली म्हणून घरी बहिणीचं लग्न काढलेलं, तो तिकडे. साहेबांपुढे माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

"बरं. या वेळी तुम्ही जा," ते म्हणाले. "प्रोग्रॅम चालवून आणलात तर पुढेही जात जा. नाही चालला तर मात्र पुढच्या खेपा आमच्याकडे. चालेल?"

न चालून काय करणार होते? मी होकार दिला तो जरा मोठ्यानंच.

निघायच्या आदल्या दुपारी मी कार्डं शेवटची तपासत होते. नंबर पंच केले होते, रेघ ओढली होती. एकेक कार्ड काढायचं, कागदावरच्या ओळीशी ताडायचं, परत घालायचं. साहेब कमरेला हात लावून माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि प्रवासाच्या सूचना सुरू झाल्या. ड्रायव्हरच्या मागची जागा घ्या. गठ्ठा टपावर नको, सीटखाली नको, मांडीवर धरा. कराडला भजी खा, पण हात पुसल्याशिवाय गठ्ठ्याला लावू नका. परतीच्या गाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी टेबलावरचं एक कार्ड उचललं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळ्या गाड्या लिहिल्या आणि माझ्या हातात दिलं. यात विशेष काही नव्हतं. चुकीची भोकं पडून फुकट गेलेल्या कार्डांवरच आमचं सगळं चालायचं, बाजाराच्या याद्या, निरोप, टेबलाच्या आखूड पायाखालची घडीसुद्धा. मी ते पर्समध्ये आरशाच्या मागे ठेवलं आणि गठ्ठा सुतळीनं बांधला.

प्रवास मजेत झाला. गठ्ठ्याचं खोकं मांडीवर, त्यावर घडी केलेला स्वेटर. इस्लामपूरला एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि खोक्याकडे बघत राहिली.

"लय जपून धरलंयस गं पोरी. लाडू हायती का?"

"नाही हो आजी, कागद आहेत."

"कागूद?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि कराडपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी भजी खाल्ली. गरम होती. खंबाटकीत गाडी तापली आणि ड्रायव्हरनं पाणी घातलं. साहेबांच्या सगळ्या गोष्टी खऱ्या निघत होत्या, आणि मला कोण आनंद होत होता.

यंत्राची खोली खरंच थंड होती. कपाटंही खरी होती. पण त्या दोघांनी दिव्यांचं सांगितलंच नव्हतं! एका कपाटावर लहान लहान दिवे लागत होते, विझत होते, आणि ऑपरेटरनं माझा गठ्ठा लावला तशी कार्डं सरसर आत जायला लागली. मी लाल रेघ खाली खाली जाताना बघत उभी राहिले. मग कागद छापून आला, अगदीच थोडा. ऑपरेटरनं तो फाडून माझ्या हातात दिला.

प्रोग्रॅम चाललाच नव्हता. चाळीस नंबरची ओळ सापडत नाही, असं त्यावर आलं होतं. ही ओळ म्हणजे 'एका शेताचं झालं, आता पुढचं घ्या' असं यंत्राला सांगणारी. ती मी लिहिली होती, पंचही केली होती. गठ्ठा मागून घेऊन मी नंबर बघत गेले. त्या जागचं कार्ड गायब होतं. रेघेत एका कार्डाची फट कोणाला दिसणार!

नवीन कार्ड पंच करायची सोय तिथं बाहेरच्यांना नव्हती. ऑपरेटर भला माणूस होता, घड्याळाकडे बघून म्हणाला, "अजून थोडा वेळ आहे तुमचा, शोधा." मी खोकं उलटं केलं, स्वेटर झटकला, डब्याच्या पिशवीतसुद्धा बघितलं. मला रडू येत होतं, आणि त्या थंडीत कान मात्र तापले होते. साहेब रागावणार नाहीत, हे मला माहीत होतं. ते हळू आवाजात "असू दे, बाई" म्हणणार आणि पुढच्या खेपेला स्वतः निघणार. त्यापेक्षा रागावलेले परवडले असते.

शेवटी हरले. निदान लवकरची गाडी तरी गाठावी म्हणून आरशाच्या मागचं कार्ड काढलं. संध्याकाळची गाडी बघितली आणि ते परत ठेवताना उलटं झालं. वरच्या कडेला पंचिंग मशीननं छापलेलं होतं, चाळीस, आणि पुढे माझी ओळ. कडेवर लाल ठिपका.

मी तिथं मोठ्यानं हसले. ऑपरेटर दचकलाच. तपासायला बाहेर काढलेलं कार्ड मी टेबलावर ठेवलं होतं, साहेबांनी ते फुकट गेलेलं समजून त्यावर एस्टी लिहिली होती, आणि कराड, सातारा, खंबाटकी असा सगळा रस्ता मी माझी हरवलेली ओळ पर्समध्ये घेऊन आले होते. कार्ड जागेवर घातलं. लाल रेघ पुन्हा खाली खाली गेली, आणि या वेळी कागद थांबेचना. गाव, शेत, लागणीची तारीख, तोडणीचा क्रम. ऑपरेटरनं मला हाक मारली तरी मी कागदाच्या घड्या पडताना बघत होते.

स्वारगेटला पोचले तर गाडीची वेळ आठवेना. कार्ड गठ्ठ्यात, आणि स्टँडवरच्या वाऱ्यात सुतळी सोडायची माझी छाती नव्हती. चार लोकांसारखं चौकशीच्या खिडकीत विचारलं.

दुसऱ्या दिवशी कुंडलकरही लग्नाहून आला होता. मी छापील कागद साहेबांपुढे ठेवला आणि त्यावर ते कार्ड ठेवलं, आधी गाड्यांची बाजू वर, मग उलटं करून. साहेबांना कळायला क्षणभर लागलं. मग ते कानापर्यंत लाल झाले.

"आवं साहेब," कुंडलकर पोट धरून हसत म्हणाला, "ताईंनी यष्टीच घातली की मशीनमदी!"

"मी दुसरं स्वच्छ कार्ड पंच करून देतो," साहेब पुटपुटले.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "हेच राहू दे."

आणि ते राहिलं. तो प्रोग्रॅम वापरात होता तोवर दर खेपेला साहेबांच्या अक्षरातल्या गाड्या त्या यंत्रातून जाऊन आल्या.

त्या दिवशी साहेब उठून कार्डांच्या खोक्यापाशी गेले. एक कोरं कार्ड काढलं, खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, एकही भोक नाही याची खात्री केली. मग बसून त्यावर सगळ्या गाड्या पुन्हा लिहिल्या, आणि कुंडलकराकडे न बघता कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"पुढच्या खेपेला लागेल तुम्हाला," ते म्हणाले.