माणसांचं वजन करणारं विमान

दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन केंद्रात दोन महिने बर्फाची जाडी मोजून मी परत निघालो होतो, आणि घाई होती ती आईसाठी. ती नागपूरहून आयर्लंडला, मेनूथ गावी आमच्याकडे आली आणि पंधरा दिवसांत तिला बायकोच्या हवाली करून मी इकडे पळालो होतो. आता आठ दिवसांनी तिचं परतीचं विमान. आमचं हे मालवाहू विमान चुकलं की पुढचं दोन आठवड्यांनी. म्हणजे भेट नाहीच. जिवाला नुसता घोर लागला होता.

सामान चढायला वेळ होता, म्हणून ते लावून घेणाऱ्या बाईंनी आम्हाला विमान आतून दाखवलं. भिंतीला जाळीच्या बैठका, खिडक्या नावापुरत्या, संडास म्हणजे पडद्यामागे बादली. मी आपला प्रत्येक गोष्टीला "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान, छान, करत फिरत होतो. आयर्लंडमध्ये राहून जिभेला लागलेली खोड, दुसरं काय! शेवटी बाई म्हणाल्या, "चला, आता एकेकाने काट्यावर उभं राहा."

मी हळूच जॅकेटचे फुगलेले खिसे चाचपले. बॅग जड झाली की जड वस्तू जॅकेटात कोंबायच्या, ही विद्या परदेशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला येते. विमानतळावर बॅग तोलतात, माणूस कोण तोलतंय? सकाळी बॅगेचं वजन बरोब्बर बसवून मी स्वतःवरच खूश होतो. इथे मात्र माणूसही सामानच निघाला.

प्रवासाच्या फॉर्मवर मी स्वतःचं वजन लिहिलं होतं अडुसष्ट किलो. काट्यावर आले ऐंशी.

"बारा किलो उतरवा, नाहीतर पुढच्या विमानाने या," बाई शांतपणे म्हणाल्या. बर्फावरून उडायचं, इंधन मोजकं, त्यांचं काय चुकलं? पण मला रडू यायचंच बाकी होतं.

सगळ्यांसमोर खिसे रिकामे केले. पुस्तकं, बॅटऱ्या, चार्जर, अर्धी लोणच्याची बरणी. लोक हसून हसून बेजार. तरी दोन किलो जास्तच. एकीकडे हंगामभराच्या नोंदींच्या हार्ड डिस्क, दुसरीकडे पाठीला बांधलेला आईचा लोखंडी तवा; दोन्हींपैकी एकच नेता येणार. "तिकडे पोळी कोण देणार तुले?" म्हणत तिने नागपूरहून आणलेला हा तवा माझ्या गळ्यात मारला होता. मी शर्टामागून तो ओढून काढला तेव्हा बाईसुद्धा हसत हसत खाली बसल्या. तवा केंद्राच्या आचाऱ्याला दिला आणि मी चढलो. फार वाईट वाटलं.

तीन विमानं बदलून, वाटेत खराब हवेने अडकत अडकत मेनूथला पोचलो ते तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी. दारातच सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"अन् येवढी घाई काहून केली बाप्पा?" आई म्हणाली. "मी तं तिकीट कधीचंच पंधरा दिवस पुढे ढकललं."

मी ओरडलोच, "अगं, मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तं असा धावत आला असता तू?"

मी खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.