गाजलेल्या चिजा, भाग चार

शशिकला खरे यांना त्या दुपारी भैरवी ऐकायची होती. पण टेपमधून कुणीतरी घसा खाकरला आणि म्हणाला, "महोदय, उपर्युक्त विषयांतर्गत निवेदन है कि आपके कार्यालय का पत्र, अल्पविराम, जो इस कार्यालय को विलंब से प्राप्त हुआ, पूर्णविराम."

पलीकडे पेपर वाचणाऱ्या अच्युतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा कुठला राग?"

शशिकलाने टेप बंद केला. हल्ली ती उत्तरं मोजूनच देत असे. आठ महिन्यांपूर्वी तिच्या गळ्याची गाठ काढली. गाठ गेली, पण आवाजाची नस तिच्यातच गुंतलेली होती. तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द निघे तो पत्र्यावर वाळू सरकावी तसा. अख्खं गाव वैद्य झालं होतं. दूधवाला म्हणे, "भाभीजी, हल्दी!" शेजारच्या मंजूषाताई म्हणत, "अगं, ज्येष्ठमध. फरक पडणारच. माझ्या जावेला पडला." ऑटोवाला मागे वळून, रस्ता सोडून, तेच ज्येष्ठमध भोपाळी हिंदीत, "आंटी, गला बैठ गया क्या? मुलेठी चूसो, खां, मुलेठी!" गळा बसला नाही, उठून निघून गेला, हे कुणाकुणाला आणि कुठल्या आवाजात सांगणार?

तिचा स्वतःचा आवाज ह्या जगात फक्त एका ठिकाणी उरला होता. तीन मिनिटं आणि चाळीस सेकंद. कॅसेटवर.

त्याचं असं झालं होतं. अच्युतराव भोपाळच्या सोनागिरी वस्तीला लागून असलेल्या मोठ्या कारखान्यात मापनयंत्रं दुरुस्त करत. तराजूत तोलल्यासारखं जगणारा माणूस. त्र्याण्णव साली त्यांनी दोन कॅसेटवाला टेप घेतला आणि टाउनशिपमधल्या मराठी मंडळींसाठी एक मालिकाच काढली: 'गाजलेल्या चिजा', भाग एक ते चार. लोकांना आवडतं तेच घ्यायचं, असा त्यांचा नियम. सकाळची तोडी, कुणा खाँसाहेबांचा मालकंस, सगळ्यांना तोंडपाठ असलेला यमनचा तराणा, सतारीचा झाला, दोन ठुमऱ्या. प्रत्येक चीज कारखान्याच्या स्टॉपवॉचने मोजलेली. आतल्या कार्डावर निळ्या शाईत राग, लाल शाईत वेळ, आणि खाली बारीक अक्षरात: 'टाळ्या कापल्या आहेत.' टाळ्यांत टेप वाया जाते, असं त्यांचं म्हणणं.

भाग चारच्या शेवटी तीन मिनिटं चाळीस सेकंद उरली. कोरी टेप सोडायची म्हणजे अच्युतरावांना ताटात अन्न टाकल्यासारखं वाटायचं.

"शशी, ये गं. चार मिनिटांची एखादी चीज म्हण."

"मी? वरण उकळतंय माझं."

"मंद कर."

तिने गॅस मंद केला, तंबोरा लावला आणि मिरजेच्या गुरुजींनी स्वतः बांधलेली भैरवी सुरू केली. 'फिर अइयो मोरी देहरी...' तबला नव्हता. अच्युतरावांनी रव्याचा डबा मांडीवर घेऊन ठेका धरला. मधेच पाळी सुटल्याचा कारखान्याचा भोंगा झाला, तो नेमका तिच्या पंचमाला जाऊन लागला. चौतीस वर्षांची शशिकला हसली, आणि न थांबता त्या भोंग्यावरच पंचम लावून उभी राहिली. तो विरला तेव्हा खाली आली. मग खट्. टेप संपली. अंतरा राहिला तो राहिलाच. कार्डावर त्यांनी फक्त 'भैरवी, ३:४०' लिहिलं, नाव घातलं नाही.

"घाला की नाव," ती म्हणाली होती.

"बघू तरी कोणाला ओळखू येतं."

कोणाला आलं नाही. मराठी मंडळाचे सेक्रेटरी नारायणराव देशकर यांनी ती कॅसेट दिवाळी पहाटेसाठी नेली, तिची कॉपी काढली आणि परत आणून दिली. पुढं दहा-बारा वर्षं मंडळाच्या स्पीकरवर ती कॉपीच वाजत राहिली. नारायणराव नागपूरचे, सरकारी नोकरीसाठी भोपाळला आलेले, मंत्रालयात स्टेनो, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. माइक हातात आला की ते डोळे मिटत. "आता जे तुम्ही ऐकाल न, मंडळी, ते मी प्रत्यक्ष ऐकलं आहे. नागपूर. तिसरी रांग. बाईंचं नाव मी घेणार नाही. ज्यांना कळते त्यांना कळते!" सगळे जाणते माना डोलावत. कोण म्हणे किराणा घराणं, कोण म्हणे छे, ही आग्र्याची फेक. शशिकला आणि अच्युतराव मागच्या सतरंजीवर एकमेकांना चिमटे काढत बसत. घरी येऊन इतकं हसत, की चिवडा तसाच राही.

मग सीडी आल्या, मग मोबाइल. कॅसेटचा डबा माळ्यावर गेला. 'आहे की घरात,' असं म्हणत वीस वर्षं निघून गेली. घरात होती ती नारायणरावांच्या डिक्टेशनची कॅसेट. स्टेनोच्या परीक्षेची, मिनिटाला ऐंशी शब्द. मंडळासाठी कॉपी काढताना नारायणरावांनी ही आणि स्वतःची, दोन्ही कॅसेटी डब्यांतून काढल्या आणि भरताना डब्या बदलल्या. दोघीही पांढऱ्या, दोघींवरही कागद नाही. अच्युतराव लेबल कार्डावर लिहायचे. कॅसेटवर कागद चिकटवला तर टेपात अडकतो म्हणे.

"मंडळाची कॉपी?" शशिकलाने खरखरत विचारलं.

अच्युतराव तासभर फोनवर होते. कॉपी मंडळाचं ऑफिस हललं तेव्हाच रद्दीत गेली होती.

"म्हणजे आता एकच. नारायणरावांकडे. असली तर." त्यांनी चष्मा काढला. "सरळ सांगून टाकू त्यांना. म्हणावं, आमची आहे."

"नाही." तिने श्वास जमवला. "सांगितलं तर ते बोलत बसतील. आधी ऐकायचं. मग काय ते."

रिटायर झाल्यावर नारायणराव साकेत नगरात लेकीकडे राहायला आले होते. लेक विनिता जवळच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर होती. दार उघडताच तिने आत हाक दिली. "बाबा, खरेकाका-काकू आलेत. और टीव्ही कम करो पहले!"

"अरे, या या या! बसा न. काहून उभे आहात?" एक्याऐंशी वर्षांचे नारायणराव काठी न घेताच उठले. "वहिनी, आवाजाचं ऐकलं मी. काही होत नाही. आमच्या ऑफिसात एक नेमाडे होता..."

"बाबा."

"बरं. नाही सांगत नेमाडेचं."

भिंतीवर त्यांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा फोटो होता. खाली टीपॉयवर जुना टू-इन-वन, क्रोशाचं कव्हर घातलेला. शशिकलाची नजर तिथून हलेना.

"नारायणराव," अच्युतरावांनी घसा साफ केला, "आमच्याकडे तुमचं डिक्टेशन निघालं. कॅसेटची अदलाबदल झालेली दिसते."

"माहीत आहे मले!" नारायणराव अजिबात वरमले नाहीत. "आठ दिवसांत कळलं होतं. पण मी म्हटलं, आता परत द्यायची म्हणजे जिवावर येते. तुमच्याकडे काय, तुम्ही दुसरी कराल. मंत्रालयातला माणूस आहे मी, फाइल एकदा टेबलावर आली न, की..." ते हसले, मग फोटोकडे पाहून आवाज खाली आला. "खरं सांगू का? सुनंदेसाठी ठेवली. आमचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. नागपूरला गाणं होतं. तिसऱ्या रांगेत बसलो. बाईंनी शेवटी ही भैरवी घेतली अन् सुनंदेनं माझा हात धरला. लोकांसमोर! त्या काळात! पुढं तुमच्या टेपमध्ये ती ऐकली न, तर मी उठून उभाच राहिलो. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी लावतो."

अच्युतरावांनी बायकोकडे पाहिलं. शशिकला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"लावता?" ती म्हणाली.

"अरे, लावतो म्हणजे!"

खट्. तंबोरा. आणि नारायणराव सुरू झाले.

"ऐका, ऐका, आता बघा. हा तबला ऐकून राहिले न? कसा बदबद वाजते? ऐनवेळी बदली तबलजी आणला होता. अन् त्यालेही ओल धरलेली." अच्युतराव कपात बघू लागले. "आता थांबा, आता भोंगा! हाऽऽ! नागपूरच्या गिरणीचा भोंगा! बाईंनी त्यालेच पंचम मानला, काय समज! आम्ही तिथं टाळ्या दिल्या, त्या खऱ्यांनी कापल्या. काहून कापल्या हो, खरे?"

खट्. टेप संपली होती. शशिकलाला भोंगा ऐकू आला होता आणि नारायणराव. स्वतःचा आवाज नाही. मागं कुठंतरी, बंद दाराआड कुणी वावरावं तसा तो वावरून गेला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "परत लावाल? आणि..." श्वास. "बोलू नका."

विनिता दारात होती, ती खुद्कन हसली. नारायणरावांनी लहान मुलासारखं तोंडावर बोट ठेवलं आणि टेप मागे नेली.

'फिर अइयो...'

ती आली. शशिकलाने ओळखलं तिला. वरण मंद करून आलेली, उजवा पाय दुमडून बसलेली. कोमल रिषभावर जरा जास्तच रेंगाळणारी. गुरुजी त्यावरून रागवायचे. 'मोरी'च्या 'मो'वर ओठ बंद करायची घाई करणारी. किती उधळत होती! किती काही न सांभाळता, उद्या आहेच अशा भरवशावर. मुलांना हाका मारण्यात, भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात, अच्युतरावांवर ओरडण्यात तिने तो आवाज बत्तीस वर्षं खर्च केला होता, आणि गाण्यासाठी काढला तो फक्त उरलेल्या टेपपुरता. तिला त्या बाईला हाक मारावीशी वाटली. काय म्हणून मारणार? आपल्यालाच.

प्रत्येक ओळीआधी तिची छाती भरत होती. तिला ते कळतही नव्हतं. गाणारीने श्वास घ्यायच्या क्षणभर आधी इथं खुर्चीत श्वास घेतला जाई, आणि ओळ संपली की सुटे. भोंगा येण्याच्या आधीच तिच्या ओठांवर हसू आलं होतं.

नारायणराव टेपकडे पाहत नव्हते.

खट्.

बाहेर हॉस्पिटलकडे एक अँब्युलन्स गेली, ती दूर जाईपर्यंत सगळे बसून राहिले.

"एक विचारायचं होतं," नारायणराव अगदी हळू म्हणाले. "बत्तीस वर्षं विचार करून राहिलो. बाईंनी अंतरा काहून नाही घेतला?"

ते फोटोला विचारत नव्हते, अच्युतरावांनाही नाही.

शशिकलाने नजर वर केली. खोटं सांगायला आवाज लागतो, आणि तिच्याकडे तेवढाही नव्हता.

"टेप संपली, भाऊजी."

नारायणरावांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग अच्युतरावांकडे वळले. "म्हणजे तो तबला..."

"रव्याचा डबा," अच्युतराव म्हणाले.

"अर्धा भरलेला?"

"पाऊण."

"तरीच." नारायणराव हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अन् मी अख्ख्या भोपाळले सांगितलं, ओल धरली म्हणून!" चष्मा परत चढवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "हिला मात्र नका सांगू. तिला बसू द्या तिसऱ्या रांगेत."

"बसू द्या," शशिकला म्हणाली. "हात धरला तो खराच होता."

त्यांनी टेपमधून कॅसेट काढली, पेन्सिल घालून ढिली पडलेली टेप घट्ट केली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती मुठीत धरली, थोडा वेळ, आणि मग पुढं केली. "संध्याकाळी काय लावाल?"

"काकू, मोबाइल में ले लेते हैं ना," विनिता म्हणाली. "दोघांकडे राहील."

"लेते हैं, लेते हैं. थांब जरा." नारायणरावांनी तिला हातानं थांबवलं. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं आधीच पडायला लागली होती. ऐंशी शब्द लिहिणारी ती बोटं आता सावकाश, बरोबर अंतरावर पडत होती. "वहिनी. अंतरा."

"आवाज कुठाय, भाऊजी."

"शब्द तर असतील न?"

अच्युतरावांनी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर ओढला.

शशिकलाने श्वास भरला. गायली नाही, ते शक्यच नव्हतं. वाळूच्या त्या आवाजात, ठेक्याच्या बरोबर मात्रांवर, तिने नुसते शब्द ठेवले. "दीया धरूँ... बाट निहारूँ..." डबा वाजत राहिला. "साँझ भई, अब बेर न..." पुढं तार षड्ज होता. तिथं तिने डोळे मिटले, उजवा हात खांद्याच्या वर नेला, बोटं उघडली आणि तशीच धरून राहिली. खोलीत फक्त ठेका.

"क्या बात है," नारायणराव पुटपुटले. आणि तिघंही समेवर येण्याची वाट बघत राहिले.