तात्पुरते, उद्या काढणे

तीन माणसं एका खोलीत बसून वर्षानुवर्षं एकच काम करू लागली की किस्से कपाटावरच्या धुळीसारखे साचतात. आमच्याकडचे हसण्यासारखे किस्से दुसऱ्यांचे आहेत. लाज वाटण्यासारखे बहुतेक माझे!

काम असं : अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा खोल खडकात पुरला, तर लाख वर्षांत तो भूजलातून वर येईल का, याचा अंदाज करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. ते सगळ्यांना खुलं आहे. कुणीही वापरावं, चूक दिसली तर सार्वजनिक पानावर सांगावं. मी भूजलाचा निवृत्त प्राध्यापक. वानखेडे आणि कामठीची शीतल हे दोघे प्रोग्रामर.

*

घराला कुलूप लावून मी जिन्यावरून तीनदा परत येतो. एकदा बायको म्हणाली, "एवढ्याशा कुलपाचा भरवसा नाही, आणि लाख वर्षांची हमी देता?"

"हमी नाही गं, अंदाज," मी म्हटलं. आणि चौथ्यांदा कुलूप ओढून पाहिलं!

*

शीतलचे बाबा पॉवरलूमवर काम करतात. एकदा त्यांच्या घरी तर्री-पोहे खात मी आमचं काम समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सर, माह्या कपड्यात एक धागा सुटला तं गांधीबागेतला व्यापारी दुसऱ्या दिवशी भांडाले येते. तुमच्यापाशी लाख वर्षांनी कोन येईन?"

मी आणखी तर्री मागितली.

*

गेल्या हिवाळ्यात मातीच्या थराचा भाग पहिल्यांदाच जोडून पाहिला आणि आमचे निकाल फारच छान येऊ लागले. कचऱ्याभोवती चिकणमातीचा थर असतो, तो कचरा अडवतो. कुठलाही आकडा घाला, कचरा बाहेरच येईना! मी संत्रा बर्फी वाटली.

चौथ्या दिवशी सार्वजनिक पानावर कुण्या अनोळखी माणसानं नम्रपणे विचारलं : "मी मातीचा थर काढूनच टाकला. तरीही काही बाहेर येत नाही. हे बरोबर आहे का?"

उरलेली बर्फी कुणी खाल्ली नाही.

*

थराचा तो भाग महिन्याभरापूर्वीच शीतलकडे दिला होता. मी वानखेडेसमोर तिच्यावर ओरडलो. "तपासायचं कळत नाही का तुला?"

"सर, मी पाहून राहिली," एवढंच ती म्हणाली.

मला धीर कुठला! मी लगेच त्या पानावर उत्तर लिहिलं : 'सहकारी शीतल यांच्याकडून चूक झाली आहे.'

वानखेडेनं कपाळाला हात लावला. "सर, तिथं लिहिलेलं पुसलं तरी जुनं दिसत राहते!"

*

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीमागे लिहिणाऱ्याचं नाव राहतं. दुपारी वानखेडेनं ती ओळ शोधली. 'थराची जाडी काहीही असो, एक मीटर धरा.' शेजारी टीप : 'चाचणीपुरते, तात्पुरते. उद्या काढणे.'

नाव माझं. सहा वर्षांपूर्वीचं.

वानखेडे स्क्रीनकडेच पाहत म्हणाला, "सर, उद्या झाला नाही का अजून?"

*

माफीचे चार मसुदे केले. पहिल्यात 'बहुधा', दुसऱ्यात 'असे दिसते', तिसऱ्यात 'आपण सर्वांनी'. चौथ्यात दोनच वाक्यं उरली : 'चूक माझी आहे. शीतलची नाही.'

दुरुस्तीही मीच केली. आमच्याकडे दुसऱ्यानं तपासल्याशिवाय दुरुस्ती आत जात नाही, म्हणून ती शीतलकडे गेली. तिनं परत पाठवली. शेरा : 'सर, थर शून्य ठेवून चाचणी केली का?'

केली नव्हती!

*

रविवारी शेअर ऑटोनं कामठीला गेलो. शीतल आत पोहे करत होती. तिच्या बाबांना मी सगळा किस्सा सांगितला. मी ओरडलो, एवढा भाग तेवढा गाळला.

"म्हंजे गिऱ्हाईक आलं तं! लाख वर्षं नाही लागले!" ते हसले. "भांडलं का खूप?"

"नाही हो. फार सभ्यपणे विचारलं."

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"मंग सर, तुम्ही पोरीवर काहून वरडले?"