नाक दमलं की

चार-पाच ग्लास हुंगून झाले की मॅडम डावा हात दुमडायच्या आणि स्वतःच्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसून बसायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाई रडतायत. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं आणि मी घाईनं पाणी पुढं केलं.

"रडत नाय गं," त्या हाताआडूनच म्हणाल्या. "नाक दमलं की आधी स्वतःकडं यायचं, आपल्याच अंगाच्या वासानं ते ताजं होतं. पण दे, पाणी लागतंच."

आमचा कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. दारूचा. मी प्रयोगशाळेत केमिस्ट आणि मॅडम चव-वासाच्या प्रमुख. त्या मूळच्या सोयगावकडच्या, घरी मका-कापसाची शेती. लग्न केलं नव्हतं. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गावाकडं आईला सांगून ठेवलेलं की औषधाच्या कंपनीत आहे. त्यामुळं भाऊबंदांकडून खोकल्याच्या औषधाच्या फर्माइशी यायच्या. मॅडम ते मेडिकलमधून विकत घ्यायच्या आणि इमानानं पाठवायच्या. "आता नाय म्हणू तर कारण काय सांगू?"

तुम्हाला वाटेल, दारू चाखायची नोकरी म्हणजे मजाच. मीही तशीच समजूत घेऊन आले होते. मॅडम दिवसभर घोट तोंडात फिरवून थुंकून टाकायच्या. डोक्याला वासाचं तेल नाही, घरात उदबत्ती नाही, आणि सोयगावची बाई असून डब्यात ठेचा नाही. दूधभाकरी, नाहीतर पांढरा भात. संध्याकाळी जीभ अशी बधिर व्हायची की वरण आहे की गरम पाणी ते कळत नाही, म्हणायच्या. तक्रारीच्या सुरात नव्हे. पाय दुखतात म्हणावं तसं.

त्यांचा जीव होता तो मागच्या गोदामातल्या पिंपांवर. अमेरिकेत मक्याची दारू आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवतात, तिला बर्बन म्हणतात. आपल्याकडं ते नाव लावता येत नाही, पण जुन्या मालकांनी हौसेनं त्याच रीतीनं काही पिंपं भरून ठेवली होती. मका आमच्याच भागातला. मॅडम अधूनमधून जाऊन पिंपांवर बोटाच्या पेरानं टकटक करून यायच्या. उन्हाळ्यात परत आल्या की तोंड उतरलेलं. "आपलं ऊन लई वाईट. अर्धी उडून जाते, उरलेली लाकूड खातं."

पिंपांना आठ वर्षं झाली तेव्हा मालक बदलले होते. मार्केटिंगचे नवे साहेब आले आणि त्यांनी ठरवलं, या दारूची मर्यादित आवृत्ती काढायची. सागवानी पेटी, प्रत्येक बाटलीला क्रमांक, लेबलवर 'आठ वर्षं मुरवलेली' आणि खाली सोनेरी अक्षरांत मॅडमचं नाव. त्यांनी लेबलचा नमुना दाखवला. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "नाव किती बारीक अन् छान लिहिलंय, नाय?" इतक्या वर्षांत त्यांचं नाव कुठल्याच बाटलीवर आलं नव्हतं.

मे महिन्यात पिंपं उघडली. गोदामात घामाच्या धारा. प्रत्येक पिंपातला नमुना ग्लासात, त्यात थोडं पाणी, मग वाट बघायची. मी नाक पुढं नेलं की मनगट धरायच्या. "थांब. बोलू दे त्याला."

बहुतेक पिंपं एकच बोलत होती: काथ, ओली फळी, घशाशी कडवटपणा. मॅडम प्रत्येकाला पुन्हा पुन्हा संधी देत होत्या, दुपारी चाखलेलं सकाळी परत चाखत होत्या. कोपऱ्यातल्या एका पिंपाशी मात्र त्या थबकल्या. ग्लास माझ्याकडं दिला. "हे थुंकू नको."

आधी जाळ. मग भाजलेल्या कणसाचा गोडवा, काकवी, आणि शेवटी खोबऱ्यासारखं काहीतरी जिभेवर रेंगाळत राहिलं. मी वर पाहिलं तर मॅडमनीही घोट गिळला होता. "हे जमलंय बघ," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मीटिंगमध्ये साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ठीक आहे. बाकीच्यात नवी दारू मिसळू, रंग टाकू. कुणाला कळतंय?"

"मला."

"तुम्ही थोडीच विकत घेणार आहात?"

"मग आठ वर्षं लिहू नका."

"त्याशिवाय एवढी किंमत कोण देईल, मॅडम?"

"एक पिंप खरं आहे. तेवढंच काढा."

"एका पिंपात पेटीचा खर्च निघत नाही."

मॅडमनी साडीचा पदर सारखा केला. "मग माझं नाव काढा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चहात साखर नको म्हणावं, तसं म्हणाल्या.

लेबलवरून नाव निघालं. मुंबईहून कुणी सल्लागार आले आणि मॅडमच्या जागी सही करून गेले. ते चांगलं पिंपही बाकीच्यांबरोबर टाकीत ओतलं. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ बघायला. त्या आल्या. पिंप रिकामं होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग टेबलाशी परतून रमचे नमुने तपासत बसल्या.

माल हातोहात खपला. कौतुकही झालं. मॅडमना कुणी काही बोललं नाही, फक्त कुठलं नवं काम त्यांच्याकडं येईनासं झालं. हळूहळू त्या मलाच म्हणू लागल्या, "तू बघ गं. मला आज नाय कळत." खरंच कळत नव्हतं की बघायचंच नव्हतं, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर गावाकडं मॅडमची आई न्हाणीत घसरून पडली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांना सोडायला मी मध्यवर्ती स्टँडवर गेले. सोयगावची गाडी लागलेली होती. दोन पिशव्या आणि एक ट्रंक, एवढंच सामान.

"परत याल ना?"

"आईचं बघते आता." मग पिशवी उचलत, "लई दमले गं मी."

त्या खिडकीशी बसल्या. ड्रायव्हर अजून चहाच पीत होता. मी खाली उभी राहून काहीबाही बोलत होते, प्रयोगशाळेतलं, नव्या पोरींचं. गाडी सुरू झाली, मी हात वर केला, तेव्हा दिसलं की खिडकीच्या गजाला डोकं टेकून त्या केव्हाच झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखं. गाडी वळेपर्यंत मी हात हलवला नाही. नुसता वर धरून ठेवला.